मायच्या नावावर गायलेली गाणी

आमच्या घरात मायचा आवाज आधी उठायचा, माय मागून. पहाटे बाबा ठोक बाजारातून माल आणायला निघाले की ती अंथरुणातूनच सांगायची, "मेथी पाहून घेजा, काल खालून सडेल होती." सांगायची ती बाबांना, ऐकायची सगळी गल्ली. शेजारच्या काकूंच्या घरी घड्याळ होतं, पण ते बंद पडलं तेव्हा त्यांनी दुरुस्तीला टाकलं नाही. गरज नाही म्हणाल्या. अमरावतीच्या भाजीबाजारात आमची बसायची जागा कोपऱ्यावर होती आणि कामाची वाटणी मला कळायला लागल्यापासून तीच होती. बाबा तोलत, माय ओरडत असे. बाबा बोलायला इतके हळू की गिऱ्हाईक त्यांना भाव दोनदा विचारायचं. लोकांना वाटे माणूस भाव सांगायला लाजतोय, म्हणजे तो नक्कीच वाजवी असणार. माय मात्र मांडी घालून, पदर खोचून, समोर कोथिंबिरीचा ढीग ठेवून हाक द्यायची, "घ्या वं सांबार... घ्या वं बाई... घ्याऽऽ वं." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगावं लागतं, नाहीतर ते इडली शोधतात.

मायच्या त्या हाकेला बाजारात मान होता. चांदूर बाजारहून वांगी घेऊन येणारे शेतकरी म्हणायचे, नाक्यावर उतरलं की पार्बताबाई ऐकू येते, मग वाट विचारावी लागत नाही. मी ढिगामागे बसून पालकाच्या जुड्या बांधायची. मला हाक द्यायची परवानगी नव्हती. मी एकदा दिली तेव्हा मायनं ओल्या हातानं माझ्या तोंडावर पाणी मारलं. "तू शीक," ती म्हणाली. "वरडाले मी हावो." संध्याकाळी जे उरायचं ते घरी यायचं आणि तेच शिजायचं, त्यामुळे मी सगळ्या भाज्या त्यांच्या म्हातारपणीच खाल्ल्या. कोवळी भेंडी कशी लागते ते मला सासरी गेल्यावर कळलं. माय उरलेल्या वांग्याआलूची रस्सेदार भाजी करायची, वर तीच सुकत चाललेली कोथिंबीर, सोबत ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आज माझ्या सुनेच्या फ्रीजमध्ये कोथिंबीर डब्यात कागदात गुंडाळून ठेवलेली असते, पंधरा दिवस हिरवी राहते. मी ती पाहते आणि डबा परत बंद करते.

गाण्याकडे मी गेले ती भजनी मंडळातून. गल्लीतल्या नऊ बायकांनी देवीच्या गाण्यांची कॅसेट काढायचं ठरवलं, मी दहावी, टाळ वाजवायला आणि मागून आवाज द्यायला. कॅसेट काढायची तर अकोल्याला करीमचाचांकडे जावं लागे. चाचांचं गाद्यांचं दुकान होतं. पुढे गाद्या, उशा, रजया, आणि मागे कापसाच्या खोलीत रेकॉर्डिंग. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दाराला रजई, छताला जुन्या उशा. अकोल्यात एवढी शांत खोली दुसरी नव्हती. चाचांच्या वडिलांनी ती कापसासाठी बांधली होती. चाचांना कव्वालीत पेटी वाजवायचा नाद, त्यांनी ती गाण्यासाठी वापरली. उन्हाळ्यात आत पंखा लावता येत नसे, कारण पंखा गाण्यात यायचा. भजनी मंडळ गायला लागलं आणि दोन ओळींतच चाचांनी हात वर केला. "वो टाळवाली पोरगी," ते म्हणाले, "तिले थोडं मागं पाठवा." मी मागे सरकले. त्यांनी परत हात वर केला. असं करत करत मी दाराच्या रजईला पाठ लावून उभी राहिले, आणि तिथूनही कॅसेटमध्ये मीच ऐकू येते. काम संपल्यावर चाचांनी मला विचारलं, "बेटा, किसकी लडकी है?" मी सांगितलं, भाजीवाल्या पार्बताबाईची. ते म्हणाले, "हां. तभी."

तेव्हापासून दर रविवारी मी सकाळच्या एसटीनं अकोल्याला जाऊ लागले. बाबांची एकच अट होती. ते मला बसमध्ये बसवायला आले आणि खिडकीतून, बस सुटता सुटता, म्हणाले, "गाणं गाय. पण नाव कुठं छापू देऊ नको. उद्या तुयं लगन कराचं हाय." बाबा एवढं लांब वाक्य क्वचितच बोलत. मी मान हलवली. मायला यातलं काही खास आवडलं नव्हतं. दिवसभर पोरगी बसून राहते आणि म्हणते गाणं म्हटलं, हे तिला काम वाटत नव्हतं. मी कोरसमध्ये गायले, देवीची गायले, लग्नातली गायले, बियाण्यांच्या जाहिराती गायले, फवारणीच्या औषधाची एक जाहिरात इतक्या लाडिक आवाजात गायले की आता आठवून लाज वाटते. एका निवडणुकीत सकाळी एका उमेदवाराचं गाणं गायले आणि दुपारी, भाकर खाऊन, त्याच चालीवर दुसऱ्याचं. दोघंही पडले. या धंद्यात गाणाऱ्याचं नाव लागत नाही, आवाज लागतो. मला ते सोयीचं होतं.

मी कॉलेजात गेले त्या हिवाळ्यात मायच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ नसेला धरून आहे, जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर मायनं काहीतरी विचारलं आणि आम्हा दोघांनाही ऐकू गेलं नाही. तिनं परत विचारलं. ती विचारत होती, दुकानात कोण बसलं आहे. त्यानंतर ती कुजबुजतच बोलली, मरेपर्यंत. बाजारात तिच्या जागेवर बाबांनी ओरडून पाहिलं, पण बाबा ओरडले की आजूबाजूचे लोक धावत यायचे, काय झालं म्हणून. मी म्हटलं, मी देते हाक. मायनं नुसतं बोट वर केलं आणि ओठांनी म्हणाली, "तू शीक." त्यामुळे आमचा कोपरा गप्प झाला. घरही गप्प झालं. सकाळी मी गजर लावू लागले. शेजारच्या काकूंनी घड्याळ दुरुस्तीला टाकलं.

अशात मुंबईच्या एका कंपनीनं चाचांकडे वऱ्हाडी गाण्यांची कॅसेट करायला दिली. आठ गाणी. वाजवणारे इथले, गाणाऱ्या मालतीबाई मुंबईच्या. त्यांचं नाव तेव्हा मोठं होतं. त्या येण्याआधी सगळी गाणी एकदा कुणीतरी गाऊन ठेवायची, म्हणजे त्यांना ऐकून चाल बसवता येते. याला डमी म्हणतात. डमी मी गायले. आठवं गाणं चाचांनी स्वतः लिहिलं होतं, बाजाराला निघालेल्या बाईचं. "बाजाराले जातो मी, वाट माई पाहू नको." त्याच्या सुरुवातीला चाचांना आलाप हवा होता. मला आलाप येत नव्हता. मी दोन वेळा केला, दोन्ही वेळा तबलेवाल्यानं खाली पाहिलं. चाचा म्हणाले, "जे येते ते म्हन." मी डोळे मिटले आणि मायची हाक दिली. घ्या वं सांबार, घ्या वं बाई. का दिली ते मला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चार महिन्यांत ती कुणाच्याच तोंडून ऐकली नव्हती, एवढंच. चाचांनी यंत्र बंद केलं आणि थोडा वेळ गादीला टेकून बसले. मग म्हणाले, "चाय पी ले."

मालतीबाई मे महिन्यात आल्या. अकोल्यात मे महिन्यात बाहेरचा माणूस एकतर रडतो किंवा झोपतो. त्या दोन्ही न करता गायल्या, हे मी त्यांच्याबद्दल कायम सांगते. गोऱ्या, धिप्पाड, कपाळावर ओला रुमाल ठेवून गाणाऱ्या. मला त्यांना बोली शिकवायला बसवलं होतं. "मले" म्हणा, "मल्ले" नाही. "डोळे" नाही, "डोये". पण "बाजाराले जातो मी" या ओळीवर त्या अडल्या. "अगं, बाई आहे ना ती? मग जातो कशी म्हणेल?" मी म्हटलं, "आमच्याकडं बायका जातोच म्हणतात. येतो, करतो, जातो." त्यांनी जरा विचार केला. "मग पुरुष काय म्हणतात?" मी म्हटलं, "तेही तेच म्हणतात." "बरं," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. सात गाणी छान झाली. आठव्याच्या हाकेपाशी मात्र त्यांनी दिवसभर प्रयत्न केले. संध्याकाळी त्या डमी ऐकत बसल्या आणि म्हणाल्या, "चाचा, मी भाजी विकत नाही, मी भाजी गाते आहे. हे गाणं हिचंच ठेवा." कंपनीच्या माणसानं सांगितलं, आवाज ठेवतो, पण वेष्टनं छापून झाली आहेत, नाव आणि फोटो बाईंचाच राहील. मला विचारलं, चालेल का. बाबांची अट मोडत नव्हती. मी म्हटलं, चालेल. मालतीबाईंनी जाताना मला त्यांचा ओला रुमाल दिला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

नेमकं तेच आठवं गाणं चाललं. लग्नाच्या बँडवाल्यांनी ते उचललं, पानठेल्यांवर ते वाजू लागलं, बसस्थानकावर पुसद गाडीची घोषणा संपली की ते ऐकू यायचं. मी कॉलेजला जाता येता ते ऐकायची आणि तोंड सरळ ठेवायची. आत मात्र काहीतरी जळायला लागलं होतं. मीच "चालेल" म्हटलं होतं, पण म्हणताना माणसाला ठाऊक नसतं की गाणं एवढं वाजणार आहे. मालतीबाईंच्या फोटोकडे मी बघेनाशी झाले. रात्रंदिवस मनात एक भाषण तयार होत होतं, कंपनीला ऐकवायचं, माझा आवाज, माझा गळा, वगैरे.

एके दिवशी भाजीबाजाराच्या तोंडाशी असलेल्या कॅसेटवाल्यानं ते गाणं जोरात लावलं. मी कॉलेजहून येत होते. पाहते तर माय आमची जागा सोडून, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच धरून, त्याच्या दुकानासमोर उभी. बाबा तिच्यामागे, तराजू हातात.

"हा माया आवाज हाय," माय त्याला कुजबुजत सांगत होती.

कॅसेटवाला भला माणूस होता. त्यानं गाणं बारीक केलं. "मावशी," तो म्हणाला, "तुमचा आवाज तर गेला नं."

"म्हनूनच पाहून राहिलो कुठं गेला ते," माय म्हणाली. "हा पाय, इथं हाय."

त्यानं तिला वेष्टन दाखवलं. मालतीबाई सोन्याचे दागिने घालून हसत होत्या. मायनं फोटो उन्हात धरून नीट पाहिला. "हे बाई तं कधी बाजारात नाही आली," ती म्हणाली. आजूबाजूला चारपाच लोक जमले होते, त्यांतला एक हसला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. बाबा कुणाकडे असं पाहत नसत. मग मायची नजर माझ्यावर पडली आणि थांबली. तिनं वेष्टन कॅसेटवाल्याला परत दिलं, जुडी माझ्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसली.

घरी येऊन तिनं परातीत पालक निवडायला घेतला. मी समोर बसले. अर्धी जुडी निवडून झाल्यावर तिनं विचारलं, "तू म्हटलं?" मी हो म्हटलं, आणि मग माझं ते भाषण बाहेर पडलं. गळा माझा, कष्ट माझे, आणि नाव भलतीचं. मोठ्या लोकांना गरिबाच्या पोरीचं काही घेताना काहीच कसं वाटत नाही. मी बरंच बोलले. मायनं सगळं ऐकून घेतलं. पालकाची एक काडी मोडून बाजूला टाकली.

"तुले इचारलं होतं का त्यायनं?"

"विचारलं होतं."

"मंग तू मले काहून नाही इचारलं?"

त्या क्षणापर्यंत, खरं सांगते, त्यात मायचं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं हाक तर काय, बाजारातली आहे. मी परातीतला पालक निवडू लागले. माझ्या हातून चांगली पानंही बाजूला पडत होती, तिनं ती उचलून परत आत टाकली.

पुढच्या रविवारी माय म्हणाली, "मीबी येतो." दुकानाला खाडा करायची ही तिची ऑपरेशननंतरची पहिलीच वेळ. एसटीत ती खिडकीशी बसली आणि मूर्तिजापूरपर्यंत तिनं बाहेर पाहिलं. चाचांना मी आधी काही कळवलं नव्हतं. त्यांनी तिला पाहिलं, नाव विचारलं, आणि स्वतः उठून चहा आणायला गेले. मला वाटलं आता भांडण होणार. चाचांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आल्याबरोबर "माफ करा भाभीजी" असं सुरू केलं. मायनं हात हलवून त्यांना थांबवलं आणि ऐकवायला सांगितलं. चाचांनी तिच्या कानांना हेडफोन लावले. ती गाद्यांच्या थप्पीवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं गाणं एकदा ऐकलं. बोट फिरवून सांगितलं, परत. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं डोळे मिटले. चाचा यंत्राची बटणं उगीच पुसत होते.

हेडफोन काढून ती म्हणाली, "चुकेल हाय."

"क्या?" चाचा म्हणाले.

ती हळूहळू सांगू लागली, चाचांना कान तिच्या तोंडाजवळ न्यावा लागत होता. पहिलं "घ्या" समोर उभ्या असलेल्या बाईसाठी असतं. तिच्यावर ओरडायचं नाही, ती पळून जाते. दुसरं, जी दोन पावलं पुढे गेली तिच्यासाठी. तिसरं बाजाराच्या त्या टोकावरच्या बाईसाठी, ते लांब जायला पाहिजे. "अन हे पोट्टी," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "समदे घ्या त्या टोकावरच्याच बाईले इकून राहिली."

चाचांनी कागद काढला आणि सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी मला माइकसमोर उभं केलं. त्या दुपारी मी ती हाक वीस वेळा दिली असेन, पंचवीस वेळा दिली असेन. प्रत्येक वेळी थप्पीवरून मायचं बोट हलायचं, नाही. तोंडावर पाणी मारणारी बाई ही, आणि तिनेच मला त्या दिवशी हाक शिकवली. शेवटी बोट हललं नाही. चाचांनी यंत्र बंद केलं. मायनं विचारलं, "आता जेवाचं कधी?"

कंपनीला नवी हाक नको होती, त्यांची कॅसेट खपत होती. पण चाचांनी नव्या हाकेसकट ते गाणं आणि सोबत आणखी काही घेऊन स्वतःची कॅसेट काढायचं मनावर घेतलं. गाणी तयार झाली आणि वेष्टनाचा प्रश्न आला. नाव कुणाचं टाकायचं. बाबांची अट मी सांगितली. चाचा विचारात पडले. माय थप्पीवरून म्हणाली, "मायं टाका. मायं लगन झालं हाय."

कॅसेट निघाली, "पार्बताबाई अमरावतीकर यांची वऱ्हाडी गाणी". फोटोऐवजी कोथिंबिरीच्या जुडीचं चित्र होतं, चाचांच्या साइनबोर्डवाल्यानं काढलेलं, बरंचसं झाडासारखं दिसणारं. बाबांनी ती कॅसेट तराजूच्या पाटीखाली ठेवली. घरी टेप नव्हता.

मला पाहायला मुलाकडचे आले तेव्हा त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला गाता येतं का. बाबा म्हणाले, "नाही." नेमकं तेव्हा शेजारी तेच गाणं लागलेलं होतं. यांच्या आईनं पोहे खाता खाता मान डोलावली आणि म्हणाल्या, "ही पार्बताबाई काय गाते नं." माय समोरच बसली होती. ती कुजबुजली, "असंच आपलं." लग्नानंतर यांना सगळं सांगितलं. यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला स्कूटरवर अकोल्याला सोडायला आले. तोवर नाव लोकांना माहीत झालं होतं, ते बदलायचं कारण उरलं नाही. मी पुढे कितीतरी वर्षं मायच्या नावावर गायले. जमेल तेव्हा ती थप्पीवर बसायला यायची. कार्यक्रमाला बोलावणं आलं की चाचा सांगत, पार्बताबाई स्टेजवर गात नाहीत. हे शब्दशः खरं होतं. काही लोक शोधत शोधत भाजीबाजारात यायचे आणि विचारायचे, पार्बताबाई त्या तुम्हीच का. माय म्हणायची, "हो, मीच." तिची कुजबुज ऐकून त्यांना वाटायचं, मोठे कलावंत गळा असा जपतात. ते आदरानं भाजी घेऊन जायचे. परवा नातीनं मला मोबाईलवर दाखवलं, कुणीतरी त्या गाण्याला नवे ढोल लावले आहेत आणि त्यावर परदेशातली मुलं नाचतात. खाली नाव लिहिलं होतं, पारंपरिक.

माय गेली ती झोपेत, काही त्रास न होता. तिसऱ्या दिवशी गावातल्या एका वर्तमानपत्रात बातमी आली, वऱ्हाडी गीतांचा आवाज हरपला. आत लिहिलं होतं की पार्बताबाईंनी अखेरपर्यंत गायन केलं. आमच्याकडे माणसं येऊ लागली, त्यांतली निम्मी आम्ही कधी पाहिलेली नव्हती. बाबा सगळ्यांना नमस्कार करत होते. मायच्या नावावर माझी गाण्याची चार कामं ठरलेली होती, ती आपोआप रद्द झाली. एका ऑर्केस्ट्रावाल्यांनी शोकसभा ठेवली. चाचा फार थकले होते, तरी मुलाच्या आधारानं अकोल्याहून आले. भाषणं झाली. पार्बताबाईंचा गळा कसा जन्मजात होता, यावर एक प्राध्यापक बराच वेळ बोलले. चाचा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बेटा, बोल दूँ क्या?" मी म्हटलं, "नको चाचा." त्यांनी परत विचारलं नाही.

शेवटी सूत्रसंचालकांनी सांगितलं की बाईंच्या कन्या इथे आहेत, त्यांनी आईचं एखादं गाणं म्हणावं. मी उठले. पेटी चाचांनी घेतली. इतक्या वर्षांत मी ते बाजाराचं गाणं लोकांसमोर कधी म्हटलं नव्हतं, गाद्यांसमोरच म्हटलं होतं. समोर अडीचशे-तीनशे माणसं होती आणि पहिल्या रांगेत बाबा, मान खाली. मी म्हटलं. पुरतं म्हटलं. कुठे अडले नाही. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, त्यामुळे कुणी वाजवल्या नाहीत.

बाहेर चपला शोधताना पातूरहून आलेले एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "चांगलं म्हनता बाई तुमी," ते म्हणाले. "मेहनत हाय. पन राग नका मानू, मायची सर नाही येत."

"नाही येत," मी म्हटलं.